नियंत्रणकाळातील सिमेंटचा दर्जा आणि काँक्रीट ब्लॉकची मजबुती

भारतातील सिमेंट नियंत्रणाचा इतिहास बहुधा राजकीय अंगानेच सांगितला जातो. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सिमेंटवाटप व देणग्या यांचा संबंध ग्राह्य धरला आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांना पायउतार व्हावे लागले, ही घटना सर्वपरिचित आहे. मात्र परवान्यावर मिळालेल्या पोत्यातून घडलेला ब्लॉक किती भार पेलत होता, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

दुसऱ्या महायुद्धात आलेले नियंत्रण, अल्पकाळाचा अपवाद वगळता, चार दशके टिकले. भाव व वाटप शासन ठरवीत असल्याने ग्राहकास निवड नव्हती. उत्तम व सामान्य सिमेंटास भाव एकच. मग अधिक बारीक दळण्याचा खर्च कारखानदाराने का करावा? शिवाय टंचाईमुळे काळ्या बाजारात भेसळीस वाव मिळे, तो वेगळाच.

ब्लॉकच्या बाबतीत ही उणीव अधिक जाचक ठरे. भारतीय मानक २१८५ नुसार सिमेंटच्या एका भागास खडी-वाळूचे किमान सहा भाग घ्यावे लागतात. म्हणजे मुळात सिमेंट थोडे, आणि तेही निकस निघाले तर भरपाई कशानेच होत नाही. मानकाच्या १९७९ च्या आवृत्तीत पोकळ भारवाही ब्लॉकचे २८ दिवसांचे किमान सरासरी संपीडन सामर्थ्य ठरवून दिले होते. परंतु तीन महिने साठविलेल्या सिमेंटचे सामर्थ्य सुमारे एक-पंचमांशाने घटते, दमट हवेत त्याहूनही अधिक. परवाना मिळेल तेव्हा माल उचलून ठेवणाऱ्यास हे कसे टळणार? पोत्यात हात घालून गारवा पाहणे, गुठळ्या चाचपणे एवढीच परीक्षा कारागिराच्या हाती होती. खरे सामर्थ्य कळावयाचे ते २८ दिवसांनी, आणि तेही प्रयोगशाळेत.

फेब्रुवारी १९८२ मध्ये अंशतः व मार्च १९८९ मध्ये पूर्णतः नियंत्रण उठले. ४३ ग्रेडचे मानक १९७६ चे आणि ५३ ग्रेडचे १९८७ चे. पण ‘ग्रेड’ हा शब्द दुकानदाराच्या तोंडी रुळला तो स्पर्धा आल्यावर. ब्लॉकवर पाणी मारण्याचा कंटाळा मात्र नियंत्रणाबरोबर गेला नाही.

मुंबईत तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने आवश्यक आहे. नियंत्रणकाळात पूर्ण झालेल्या साऱ्या इमारतींनी ही मर्यादा २०१९ पर्यंत ओलांडली आहे.