नदीचा मासा आणि कायद्याची मोजपट्टी

मासे धरण्याची कला मनुष्यजातीइतकीच पुरातन आहे. धरलेला मासा सोडून देण्याचा कायदा मात्र त्या मानाने फार अलीकडचा. गळाला लागलेला मासा हाती घ्यावा, त्याची लांबी मोजावी आणि ती ठरलेल्या मापात बसत नसेल तर तो जिवंत परत पाण्यात सोडावा, अशी आज्ञा राज्यसंस्थेने नागरिकांना करावी, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास काहीशी गमतीची वाटण्याचा संभव आहे. परंतु या साध्या दिसणाऱ्या आज्ञेमागे पावणेचार शतकांहून अधिक काळाचा अनुभव आहे. त्यात लोभ आहे, पश्चात्ताप आहे, शास्त्र आहे आणि थोडे राजकारणही आहे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील नद्यांत जन्म घेणाऱ्या पट्टेरी बास या माशाच्या निमित्ताने हा इतिहास पाहू.

प्रथम या माशाची ओळख करून घेणे इष्ट होईल. त्याचे अंग रुपेरी असते आणि त्यावर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत सात-आठ काळसर रेघा ओढलेल्या असतात. त्यावरूनच त्याला हे नाव पडले. हा मासा वाढतो समुद्रात, पण विणीसाठी वसंत ऋतूत नदीत शिरतो. बंगालचा हिलसा ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. हडसन, डेलावेअर आणि विशेषतः चेसापीक या विस्तीर्ण खाडीला मिळणाऱ्या नद्या ही त्याची मुख्य माहेरघरे होत. मादी गोड्या पाण्यात अंडी सोडते. ती अंडी तळाशी बसून चालत नाही. पिल्ले बाहेर पडेपर्यंत दोनतीन दिवस ती प्रवाहाबरोबर तरंगत राहावी लागतात. म्हणजे नदी वाहती राहिली तरच पुढची पिढी जगते. नर दोनतीन वर्षांतच वयात येतात. मादीला मात्र चार ते आठ वर्षे लागतात. मादी जितकी मोठी तितकी तिची गाभोळी मोठी. थोराड मादीच्या पोटात लक्षावधी अंडी असतात. १८९१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात १२५ पौंड वजनाचा पट्टेरी बास मिळाल्याची नोंद आहे. माद्या उशिरा वयात येतात आणि त्यांचे मोल वयाबरोबर वाढत जाते, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढील सर्व कायद्यांचे मर्म तिच्यात आहे.

युरोपीय वसाहतकरी या किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांना या माशांच्या विपुलतेने थक्क करून सोडले. १६१४ मध्ये न्यू इंग्लंडचा किनारा पाहणाऱ्या कॅप्टन जॉन स्मिथने, या माशांच्या पाठींवरून पाय न भिजवता पलीकडे जाता येईल, अशा आशयाचे वर्णन करून ठेविले आहे. त्यात अतिशयोक्तीचा भाग असेल; पण वसाहतकरी हा मासा शेतात खत म्हणून पुरत असत, यात अतिशयोक्ती नाही. अखेर १६३९ मध्ये मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीच्या सभेने बास आणि कॉड हे मासे खतासाठी वापरण्यास बंदी केली. अमेरिकेतील निसर्गसंपत्तीच्या रक्षणाच्या आद्य कायद्यांत याची गणना होते. पुढे १६७० मध्ये शेजारच्या प्लिमथ वसाहतीने बास, मॅकरेल व हेरिंग यांच्या मासेमारीतून येणारे उत्पन्न एका मोफत शाळेसाठी लावून दिले. एका माशाने शेतकऱ्याचे खत होण्याचे सोडून मुलांची शाळा चालवावी, हा त्याच्या इतिहासातील एक मनोज्ञ प्रसंग म्हटला पाहिजे.

परंतु या दोन्ही निर्णयांत मासा किती लांबीचा असावा याचा विचार नव्हता. मासा संपेल, ही कल्पनाच त्या काळी कोणाच्या मनाला शिवली नव्हती. एकोणिसाव्या शतकात हा विश्वास उलट अधिक दृढ झाला, आणि त्याला कारणही तसेच घडले. १८७९ मध्ये न्यू जर्सीतील नेव्हसिंक नदीतून धरलेली या माशाची बोटुकली आगगाडीने खंड ओलांडून कॅलिफोर्नियात नेण्यात आली. सव्वाशेहून थोडी अधिक पिल्ले सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीनजीक पाण्यात सोडली. १८८२ मध्ये आणखी सुमारे तीनशे सोडली. ज्या महासागरात हा मासा कधी नव्हता तेथे वीस वर्षांच्या आत तो इतका वाढला की, वर्षाला बारा लाख पौंडांहून अधिक मासा जाळ्यांनी धरला जाऊ लागला. ओंजळभर बियाण्यातून एवढे पीक आलेले पाहिल्यावर, निसर्गाचे भांडार अक्षय आहे असे लोकांना वाटले तर त्यात नवल नाही.

तथापि भांडार अक्षय नव्हते. चेसापीकच्या परिसरात दीर्घकाळ बारा इंचांचा पट्टेरी बास धरण्यास मुभा होती. बारा इंचांचा मासा तव्यावर बरोबर मावतो. बाजारात त्याला गिऱ्हाईकही चांगले. पण त्या मापाची मादी अद्याप वयात आलेली नसते. म्हणजे कायद्याची मोजपट्टी तव्याच्या मापाने बेतलेली होती, माशाच्या आयुष्याच्या मापाने नव्हे. मादीला एकदाही अंडी घालू न देता तिला धरणे म्हणजे कणसात दाणा भरण्यापूर्वीच शेत कापणे होय.

याचा परिणाम दिसावयास वेळ लागला. मेरीलँड राज्यात १९५४ पासून दरवर्षी उन्हाळ्यात ठराविक ठिकाणी लहान जाळी ओढून त्या वर्षी जन्मलेली पिल्ले मोजण्याची पद्धत आहे. १९७० मध्ये पिल्लांचे अमाप पीक आले आणि सर्वांना निर्धास्त वाटू लागले. त्याच पिढीच्या जोरावर १९७३ मध्ये व्यापारी मासेमारी जवळजवळ दीड कोटी पौंडांवर गेली. पण त्या एका पिढीमागून तशी दुसरी आलीच नाही. दहा वर्षांत, १९८३ पर्यंत, हा आकडा पस्तीस लाख पौंडांवर घसरला. नद्यांतील दूषित पाण्याने पिल्लांचे जगणे कठीण केले होते हे खरे. परंतु विणीपूर्वीच होणारी बेसुमार मासेमारी हे मुख्य कारण ठरले. हडसन नदीत १९७६ मध्ये व्यापारी मासेमारी बंद झाली ती वेगळ्याच कारणाने. कारखान्यांतून नदीत सोडलेल्या विषारी रसायनांमुळे तेथील मासा खाण्यास अपायकारक ठरला होता. विषाने माशाला माणसापासून वाचवावे, असा हा विचित्र योग होता.

येथे एक अडचण उभी राहिली. मासा कोणाचा? तो मेरीलँडच्या नदीत जन्मतो, व्हर्जिनियाच्या पाण्यातून समुद्रात जातो आणि उन्हाळ्यात न्यूयॉर्क, ऱ्होड आयलंड, मॅसॅच्युसेट्सपर्यंत भटकतो. एका राज्याने संयम पाळावा आणि दुसऱ्याने त्याचे फळ खावे, असा हा व्यवहार होता. किनाऱ्यावरील राज्यांचा संयुक्त आयोग १९४२ पासून अस्तित्वात होता. त्याने १९८१ मध्ये नदी-खाड्यांत १४ इंच व समुद्रकिनाऱ्यावर २४ इंच अशी किमान मर्यादा सुचविली. पण सूचनेला दात नसतात. ते दात १९८४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने दिले. सामायिक योजना न पाळणाऱ्या राज्यात या माशाची मासेमारीच बंद करण्याचा अधिकार केंद्रसत्तेला मिळाला.

पुढील निर्णय मोठ्या धैर्याचे होते. १९८५ च्या आरंभापासून मेरीलँडने पट्टेरी बास धरण्यावर संपूर्ण बंदी घातली. डेलावेअरनेही तेच केले आणि १९८९ मध्ये व्हर्जिनियाही त्यांना मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या खाडीवर पोट भरणाऱ्या कोळ्यांच्या घरांत या बंदीने काय झाले असेल, याची कल्पना आपल्या किनाऱ्यावरील श्रोत्यांना सहज करता येईल. इतर राज्यांसाठी मर्यादेचे तत्त्व साधे पण अभिनव होते. १९८२ मध्ये जन्मलेल्या माद्यांपैकी शेकडा ९५ माद्यांना निदान एकदा अंडी घालण्याची संधी मिळाली पाहिजे. त्या माद्या जसजशा वाढतील तसतशी कायद्याची लांबीही त्यांच्या पुढे पुढे सरकत जाईल. अशा रीतीने किनाऱ्यावरील किमान माप तीन फुटांच्या घरात गेले. मोजपट्टी तव्यावरून उचलून गाभोळीला लावली गेली ती येथे. १९८९ मध्ये पिल्लांची मोजणी भरघोस आली, १९९० मध्ये मर्यादित मासेमारी पुन्हा सुरू झाली, आणि १९९५ मध्ये आयोगाने हा मासा सावरल्याचे जाहीर केले.

किमान माप ठरले म्हणजे त्याहून लहान मासा सोडून देणे ओघानेच आले. परंतु ठेवण्याजोगा मासाही खुशीने सोडून देण्याची प्रथा दुसऱ्या वाटेने आली. अमेरिकेतील गोड्या पाण्यात बास याच नावाने ओळखले जाणारे दुसरे मासे आहेत. ते गळाने धरण्याचा तेथे फार मोठा छंद आहे. रे स्कॉट या गृहस्थाने १९६७ मध्ये त्याच्या स्पर्धा सुरू केल्या. या स्पर्धांत मेलेल्या माशांचे ढीग साठू लागले तेव्हा स्थानिक लोकांत कुरबुर सुरू झाली. १९७२ मध्ये स्कॉटने स्पर्धकांना मासा मारू नका असे आवाहन केले; नावेतच हवा खेळणाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवून, वजन केलेले मासे जिवंत परत सोडण्याचा परिपाठ पडला. पाहता पाहता सोडणे हे प्रतिष्ठेचे लक्षण झाले. तीच वृत्ती समुद्रकिनाऱ्यावरील हौशी मंडळींतही पसरली आणि पट्टेरी बास धरणारे दहापैकी नऊ मासे परत सोडू लागले.

आता कोणासही वाटेल की, प्रश्न मिटला. प्रत्यक्षात येथूनच तो नव्याने सुरू झाला. सोडलेला प्रत्येक मासा वाचतो काय? मॅसॅच्युसेट्समध्ये या प्रश्नाचा अभ्यास होऊन त्याचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. गळाला लागून सोडलेल्या पट्टेरी बासांपैकी शेकडा सुमारे नऊ पुढे मरतात, असा अंदाज त्यातून निघाला. गळ खोल घशात रुतला, पाणी उष्ण असले, किंवा हाताळणारा नवशिका असला की मरण वाढते. नऊ हा आकडा लहान दिसतो. पण हिशेब करून पाहावा. शंभर मासे धरले, त्यांपैकी दहा घरी नेले आणि नव्वद सोडले, तर त्या नव्वदांपैकी आठ मरतात. म्हणजे ताटात दहा आणि पाण्यात, कोणाच्या दृष्टीस न पडता, आठ. सोडणाऱ्याच्या मनाला समाधान लाभते. नदीच्या जमाखर्चात मात्र ते समाधान जमेला धरता येत नाही.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने हा मासा पुन्हा बेसुमार धरला जात असल्याचे दाखवून दिले. यावेळी मोजपट्टीला दुसरे टोक आले. २०२० पासून समुद्रकिनाऱ्यावर २८ इंचांहून लहान आणि ३५ इंच वा त्याहून मोठा असे दोन्ही मासे सोडणे बंधनकारक झाले. लहान मासा सोडावयाचा तो उद्याच्या आशेने. मोठी मादी सोडावयाची ती तिच्या पोटातील अगणित अंड्यांसाठी. पूर्वी सर्वांत मोठा मासा हा सर्वांत मोठा विजय समजला जाई. आता तोच सर्वांआधी परत पाण्यात जावयाचा. २०२१ पासून आमिष लावावयाचे असल्यास टोक आत वळलेला गोल गळच वापरावा, असा नियम झाला, कारण तो घशात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. पुढे २०१५ मध्ये जन्मलेली मोठी पिढी याच मापाच्या कक्षेत आली आणि २०२२ मध्ये हौशी मंडळींनी घरी नेलेल्या माशांची संख्या आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाली. तेव्हा २०२३ मध्ये तातडीने वरची मर्यादा ३१ इंचांवर आणावी लागली. मेरीलँडने तर उन्हाळ्याच्या ऐन उकाड्यात काही काळ हा मासा गळाला लावण्यासच मनाई केली; कारण तापलेल्या पाण्यात सोडणे हे मारण्याचेच दुसरे नाव ठरते. इतके करूनही २०१९ पासून चेसापीकमधील पिल्लांची मोजणी वर्षानुवर्षे सरासरीच्या खालीच राहिली. केवळ मोजपट्टीने वीण वाढत नाही. नदीचे पाणी, वसंतातील पाऊस आणि थंडीचे मान हेही अनुकूल असावे लागते.

या इतिहासावरून काय ध्यानात येते? १६३९ च्या कायद्याने माशाचा उपयोग कशासाठी करावा हे ठरविले. १९८५ च्या कायद्याने तो कोणत्या वयात धरावा हे ठरविले. आणि अलीकडच्या नियमांनी तो सोडावा कसा, हे ठरविले. दर वेळी माणसाला आपल्या आधीच्या समजुतीपेक्षा एक पाऊल पुढे जावे लागले. विणीच्या दिवसांत पाण्याला विसावा द्यावा, हे आपणास अपरिचित नाही. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याखेरीज दर्यात होडी न लोटणाऱ्या कोळ्यांना, खवळलेल्या समुद्रापुढे थांबण्यात माशाचेही हित आहे, हे सांगावे लागत नाही. आपल्या परंपरेत जे काम ऋतू आणि श्रद्धा मिळून करीत, ते अमेरिकेतील नदीकाठी मोजपट्टीला करावे लागले. आणि मोजपट्टीलाही पुन्हा पुन्हा आपले माप बदलावे लागले. नियम एकदा केला म्हणजे नदीचे ऋण फिटले, असे मानणाऱ्याला या माशाने तीनदा उत्तर दिले आहे. दरवर्षी पिल्ले मोजावयाची, आणि जे दिसेल त्याप्रमाणे आपला हात आखडता घ्यावयाचा, एवढेच माणसाच्या हाती आहे. ते त्याने सातत्याने केले, तर वसंतात नद्या पुन्हा भरून येतील अशी आशा बाळगावयास निश्चित जागा आहे.