उपेक्षितांच्या क्रीडामहोत्सवाची जन्मकथा

दिनांक २० जुलै १९६८ रोजी अमेरिकेतील शिकागो शहराच्या ‘सोल्जर फील्ड’ या प्रचंड क्रीडांगणावर एक आगळा सामना भरला होता. हजारो माणसे सहज सामावतील अशा तेथील सज्जांत त्या दिवशी जेमतेम शंभर प्रेक्षक बसले होते. मैदानावर मात्र अमेरिकेच्या २६ राज्यांतून आणि कॅनडातून आलेले सुमारे एक हजार खेळाडू धावणे, पोहणे आणि फ्लोअर हॉकी या खेळांत भाग घेण्यास सज्ज झाले होते. बौद्धिक विकासात मागे राहिल्यामुळे खेळाच्या मैदानावर ज्यांना कोणी कधी बोलावले नव्हते, अशी ती मुले होती. पुढे जगभर पसरलेल्या ‘स्पेशल ऑलिंपिक्स’ या क्रीडामहोत्सवाचा हा पहिला दिवस होय.

या महोत्सवाचे मूळ एका घरातील दुःखात आहे. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची भगिनी रोझमेरी हिचा जन्म १९१८ सालचा. भावंडांच्या मानाने तिची समज मंद होती. १९४१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, वडिलांच्या संमतीने तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करण्यात आली. ती पूर्णपणे फसली. रोझमेरीची वाचा आणि हालचाल यांवर मोठा आघात झाला, व तिचे उर्वरित आयुष्य संस्थांच्या आश्रयाने गेले. पुष्कळ वर्षे केनेडी कुटुंबाने याविषयी बाहेर चकार शब्द काढला नाही. असे मौन त्या एकाच घराण्याचे होते असे नव्हे. लोक काय म्हणतील या भयाने अशी मुले माजघरात ठेवणारी कुटुंबे आपल्याकडेही काही थोडी नव्हती.

रोझमेरीहून तीन वर्षांनी धाकटी बहीण युनिस हिने हे मौन मोडले. बालपणी ती रोझमेरीबरोबर पोहली होती, शिडाच्या होडीतून हिंडली होती. आपली बहीण खेळू शकते, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. १९६२ च्या जून महिन्यात, विवाहानंतर युनिस श्रायव्हर झालेल्या या बाईंनी मेरीलँडमधील आपल्या घराच्या आवारात अशा ३४ मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरविले. त्याच वर्षी सप्टेंबरात एका प्रसिद्ध साप्ताहिकात लेख लिहून रोझमेरीची हकीकत त्यांनी सर्व देशाला सांगितली. राष्ट्राध्यक्षाच्या घरातही असे माणूस आहे, हे कळताच अनेक मातापित्यांच्या मनावरचे ओझे हलके झाले.

तथापि केवळ कळवळ्यावर चळवळ उभी राहत नाही. तिला शास्त्राचा आधार लागतो. तो कॅनडातील संशोधक डॉ. फ्रँक हेडन यांनी दिला. या मुलांची शारीरिक क्षमता इतर मुलांपेक्षा पुष्कळच कमी भरते, हे त्यांच्या पाहणीत दिसले. परंतु त्याचे कारण बुद्धीत नसून बैठ्या जीवनात आहे. व्यायामाची संधी मिळाली तर ती मुले क्रीडाकौशल्य मिळवू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्याला आपण दुर्बलता म्हणत होतो, ती पुष्कळ अंशी आपल्याच दुर्लक्षाचे फळ होती.

शिकागोच्या उद्यान विभागात ॲन मॅकग्लोन (विवाहानंतरच्या ॲन बर्क) नावाची तरुण शिक्षिका अशा मुलांना व्यायाम शिकवीत असे. शहरापुरत्या स्पर्धा घेण्यासाठी तिने युनिसबाईंच्या प्रतिष्ठानाकडे साहाय्य मागितले. बाईंनी योजना अधिक व्यापक करण्यास सुचविले, २५,००० डॉलर दिले आणि पहिला महोत्सव घडून आला. बंधू रॉबर्ट यांच्या हत्येला तेव्हा सात आठवडेही झाले नव्हते. तरीही युनिसबाई मैदानावर हजर होत्या.

या स्पर्धांची पद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. प्राथमिक फेरीत प्रत्येकाची क्षमता पाहून जवळपास तुल्यबळ खेळाडूंचे गट पाडतात. त्यामुळे मंदगती खेळाडूलाही खरी चुरस लाभते आणि त्याचा विजय दयेचे दान ठरत नाही. आरंभीच्या काळात शर्यत संपताच खेळाडूला मिठी मारण्यासाठी स्वयंसेवक उभे असत. त्यांचा हेतू प्रेमळ होता. पण प्रौढ खेळाडूला लहान मूल समजण्याचा दोष त्यात होता. हे ध्यानी आल्यावर ती प्रथा मागे पडली.

याहून मोठा आक्षेप असा होता की, वेगळे मैदान दिल्याने ही माणसे वेगळीच राहतात. त्याला उत्तर म्हणून १९८९ पासून ‘युनिफाइड स्पोर्ट्स’ हा प्रकार रूढ झाला. त्यात बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघातून खेळतात. २००३ साली जागतिक उन्हाळी स्पर्धा प्रथमच अमेरिकेबाहेर, आयर्लंडमधील डब्लिन येथे झाल्या. त्या वेळी तेथील गावोगावच्या लोकांनी स्पर्धेपूर्वी एकेका देशाच्या पथकाचे यजमानपद स्वीकारले होते. दिंडीला उतरवून घेण्याची रीत ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्यांना या आतिथ्याचे मोल सांगावयास नको.

आपल्याकडेही असे काम एका घरातूनच सुरू झाले होते. १९४४ साली मुंबईत वकील या पारशी दांपत्याने दीना नावाच्या आपल्या कन्येसाठी शाळा काढली. ती आजही जय वकील या तिच्या आईच्या नावाने चालते. भारतीय पथकाने तर २०२३ च्या बर्लिन येथील स्पर्धांत २०२ पदके मिळविली. २०१६ च्या कायद्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना इतरांच्या बरोबरीने मनोरंजन व क्रीडा यांत भाग घेण्याचा हक्कही दिला आहे.

परंतु कायदा मैदानाचे दार उघडून देतो; आत बोलावणे हे शेजाऱ्यांचे काम असते. देवळाच्या जत्रेत, उत्सवाच्या निमित्ताने आपण मुलांच्या शर्यती भरवितो. त्यांत नावे घेताना आळीतील अशा एखाद्या मुलाच्या घरी जाऊन त्याचेही नाव विचारावे. शिकागोचा इतिहास वाचल्यानंतर एवढे तरी आपल्याकडून व्हावे.