तानसाचे अरण्य आणि आग्रा रस्ता

ठाण्याहून भिवंडीमार्गे किंवा कल्याणहून पडघ्यामार्गे निघून शहापूर, आटगाव, खर्डी ही गावे मागे टाकीत कसाऱ्याच्या घाटाला भिडणारा रस्ता आज पावसाळी सहलींसाठी ओळखला जात असला, तरी त्याचे मूळ काम माल वाहण्याचे होते. प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारा, येथे उतरणारा माल थळघाटाने (कसारा घाटाचे हे जुने नाव) नाशिककडे चढत असे. इंग्रजी अमलात त्याच दिशेने मुंबई-आग्रा रस्ता बांधला गेला आणि १८६५ साली आगगाडीही हा घाट चढून इगतपुरीला पोहोचली. निव्वळ डोंगर पाहण्यासाठी या वाटेने जाण्याची चाल अगदी अलीकडची आहे. कसाऱ्याजवळच्या विहीगावचा धबधबा ‘अशोका’ या नावाने प्रसिद्ध झाला तो मौर्य सम्राटामुळे नव्हे, तर २००१ साली प्रदर्शित झालेल्या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण तेथे झाल्यामुळे.

याच रस्त्यालगतच्या तानसा अभयारण्याचा निवांतपणाही निसर्गाने आयता दिलेला नाही. त्यामागे मुंबईची तहान आणि सरकारी जंगलखात्याचे कायदे आहेत. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव वाढत्या शहराला अपुरे पडू लागल्यावर तानसा नदीवर सुमारे पावणेदोन मैल लांबीची दगडी भिंत घालण्यात आली आणि १८९२ साली तेथील पाणी नळांतून मुंबईला जाऊ लागले. ज्या उतारांवरचा पाऊस जलाशयात उतरतो, त्या पाणलोट क्षेत्रावरचे रान टिकणे ही तेव्हापासून एका दूरच्या महानगराची गरज झाली.

हे रान त्याआधी निर्मनुष्य मात्र नव्हते. ठाकूर, वारली, कातकरी, महादेव कोळी यांची वस्ती येथे होती आणि त्यांची तशीच या भागातील इतरांची भातशेती जंगलावर विसंबून होती. भाताची रोपे ज्या तुकड्यात वाढवायची, तेथे उन्हाळ्यात शेण, टहाळ (झाडांच्या छाटलेल्या पानेदार फांद्या), गवत आणि वर बारीक माती असे थर पसरून ते सारे पेटवून द्यायचे, आणि पावसाच्या तोंडावर त्या भाजलेल्या जमिनीत बी टाकायचे, या पद्धतीला ‘राब’ म्हणतात. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलांवरील सरकारी हुकमत घट्ट होताच टहाळ तोडणे हा तंट्याचा विषय बनला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ साली मुंबई सरकारला त्यांच्या चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. राबाला जंगलाची नासाडी मानणाऱ्या अधिकाऱ्यांच्या नजरेतून एक साधी गोष्ट सुटत होती: दरवर्षी टहाळ हवा असणाऱ्या शेतकऱ्याला झाड मरून चालणारे नव्हते.

अभयारण्याची घोषणा १९७० साली झाली. सुमारे ३२० चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राचा काही भाग २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर त्या जिल्ह्यात गेला. अभयारण्यातल्या ज्या माहुली किल्ल्यावर १६३६ साली शहाजीराजांना शरण जावे लागले, तो मात्र ठाणे जिल्ह्यातच राहिला. त्याच २०१४ साली तानसात रानपिंगळा आढळला. हे छोटे घुबड १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे कोणाच्या खात्रीशीर पाहण्यात आले नव्हते आणि नामशेष झाले असावे असे मानले जात होते. १९९७ साली ते शहाद्याजवळ पुन्हा सापडले असले, तरी मुंबईच्या इतक्या जवळ ते असेल अशी अपेक्षा पक्षी-अभ्यासकांनाही नव्हती.

तानसानंतर मोडकसागर (१९५७) हा जलाशय आला, मग भातसा आला, आणि शहापूर तालुका मुंबईचा मोठा पाणीपुरवठादार झाला. त्याच तालुक्यात कसारा भागातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते, आणि ते टँकर आग्रा रस्त्यानेच जातात.