पाच जानेवारीचा जोशी आणि जव्हारची काळी स्क्रीन

आजचा भाग एका जुन्या डेस्कटॉपबद्दल आहे. तुमच्यातले बहुतेक जण हे फोनवर ऐकताय, आणि घरात डेस्कटॉप असलाच तर त्यावर कापड टाकलेलं असणार, त्यावर गणपतीचा फोटो. तरी ऐका. कारण गोष्ट जव्हारमधून निघते आणि पुणे, लाहोर असं करत उरणजवळच्या बंदरापर्यंत जाते.

माझे मामा मोखाडा तालुक्यात शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर जव्हारला राहायला आले. त्यांच्याकडे २००९ साली असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. एरवी मशीन सुरू केलं की मदरबोर्ड कंपनीचं रंगीत चित्र यायचं, मग विंडोज. त्या दिवशी काळी स्क्रीन आणि पांढरी अक्षरं: सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड, पुढे जायला एफ-वन दाबा. एफ-वन दाबलं की क्षणभर निळी स्क्रीन, आणि पुन्हा पहिल्यापासून.

दुरुस्तीवाला घरी येऊन गेला होता. त्याने दोन मिनिटांत सांगितलं, "सर, व्हायरस आहे. फॉरमॅट मारावा लागेल."

मामांचा फोन आला. "अगं, फॉरमॅट मारला तर माझं बोहाड्याचं सगळं जाईल ना?"

बोहाडा माहीत नसेल त्यांच्यासाठी: जव्हार-मोखाड्याकडे रात्रभर चालणारा मुखवट्यांचा उत्सव. गणपती येतो, सरस्वती येते, देव येतात, राक्षस येतात, आणि संबळ-सनईवर नाचतात. एकेका मुखवट्याला सोंग म्हणतात. कुठलं सोंग कुणाच्या घरात चालत आलंय, कुठल्या गावात काय क्रम असतो, हे मामांनी म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून बारा वर्षं टाइप केलं होतं. श्री-लिपी फॉन्टमध्ये, दोन बोटांनी. आणि बॅकअप? नाही. (मी इंजिनीअर भाची. माझीच चूक.)

मी म्हटलं, मामा, कुणालाही हात लावू देऊ नका, मी शनिवारी येते.

आता प्रश्न असा, की सुरू होतानाची स्क्रीन बदलली की आपल्याकडे पहिला शब्द "व्हायरस" आणि दुसरा "फॉरमॅट" का निघतो? हे मला त्या दुरुस्तीवाल्याची टर उडवायला सांगायचं नाहीये. ही सवय त्याला वारशाने मिळाली आहे, आणि त्या वारशात एक मराठी आडनावसुद्धा आहे.

कॉम्प्युटर सुरू होताना काय होतं ते आधी बघू. बटण दाबल्यावर विंडोज लगेच जागं होत नाही. आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम चालतो, बायॉस. तो मेमरी तपासतो, कीबोर्ड तपासतो, आणि मग डिस्कवरचा अगदी पहिला तुकडा वाचतो. तो तुकडा फक्त ५१२ बाइट्सचा. त्याच्या शेवटी ठरलेली दोन बाइट्सची खूण असली की जुना बायॉस डोळे झाकून त्याच्या हाती कारभार देतो. तू कोण, कुठून आलास, काही विचारत नाही.

ही अशी भोळी रचना १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आली. त्या पहिल्या पीसीत घड्याळ चालू ठेवणारी बॅटरीसुद्धा नव्हती. मशीन सुरू केलं की ते स्वतःच तारीख विचारायचं, आणि नुसतं एंटर दाबलं तर १ जानेवारी १९८० धरून चालायचं. १९८४ च्या आयबीएम एटी मॉडेलमध्ये बॅटरीवर जगणारी एक चिप आली: ६४ बाइट्स मेमरी, त्यातले १४ घड्याळासाठी, उरलेले ५० सेटिंगसाठी. म्हणजे या वाक्याला लागेल त्याच्यापेक्षाही कमी जागा. सेटिंगच्या आकड्यांची बेरीज त्यातच लिहून ठेवतात, बचत गटाच्या वहीत पानाखाली एकूण लिहितात तशी. पुढच्या वेळी पुन्हा बेरीज करायची, जुळली नाही तर वहीवर भरवसा ठेवायचा नाही. मामांच्या स्क्रीनवरचा चेकसम म्हणजे हीच बेरीज.

आता ते ५१२ बाइट्स. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन अल्वी भावांनी ब्रेन नावाचा व्हायरस लिहिला, जो फ्लॉपीच्या पहिल्या तुकड्यात जाऊन बसायचा. मूळ तुकडा दुसरीकडे हलवून ठेवायचा आणि कुणी तपासायला आलं तर तोच पुढे करायचा. थोडक्यात, सोंग घ्यायचा.

आणि मग जून १९९० मध्ये भारतात सापडला जोशी.

खरंच हेच नाव आहे. जोशी व्हायरस. सव्वापाच इंची फ्लॉपीवरून यायचा आणि हार्डडिस्कच्या पहिल्याच तुकड्यात ठाण मांडायचा. सापडला तेव्हाच भारतभर पसरला होता, आफ्रिकेच्या काही भागांतही पोचला होता. ब्रेनसारखाच सोंग घेणारा. एक खूण मात्र लपत नसे: मशीनची मेमरी ६४० केबीऐवजी ६३४ दिसायची, कारण सहा केबी साहेबांनी व्यापलेले. वर्षभर गप्प. ५ जानेवारीला मात्र कॉम्प्युटर अडकून बसायचा आणि स्क्रीनवर हुकूम यायचा: टाइप हॅपी बर्थडे जोशी. तेवढं टाइप केलं की मशीन मुकाट्याने पुन्हा चालू. महाराष्ट्रात ५ जानेवारीला वाढदिवस असलेल्या किती जोश्यांना त्या वर्षी ऑफिसात टोमणे खावे लागले असतील, देव जाणे.

हसू येतं, पण मुद्दा पुढे आहे. हा व्हायरस घालवायला लोक काय करायचे? फॉरमॅट. आणि डॉसची फॉरमॅट कमांड हार्डडिस्कच्या त्या अगदी पहिल्या तुकड्याला हातच लावत नाही! म्हणजे तुमची पत्रं, हिशेब, पगारपत्रकं पुसली जायची आणि जोशीबुवा जागच्या जागी. खरा उपाय वेगळा होता: मशीन पूर्ण बंद करायचं, लिहायची सोय बंद केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू करायचं, आणि फक्त तो एक तुकडा दुरुस्त करायचा. फाइलींना धक्का नाही.

हे काम नीट करणारा माणूस मिळणं अवघड होतं, आणि याच पोकळीत पुण्यात एक धंदा उभा राहिला. कैलाश काटकर, सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, दहावीनंतर शिक्षण थांबलेलं, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीला यायला लागले. त्यांच्या लक्षात आलं, की येणाऱ्या मशीनमध्ये हार्डवेअरइतकाच व्हायरसचा त्रास आहे. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता. त्याने मायकेलअँजेलो व्हायरस काढणारं टूल लिहिलं. हा मायकेलअँजेलो जोशीसारखा गमत्या नव्हता: ६ मार्चला मशीन सुरू केलं की डिस्कच्या सुरुवातीचा भाग कोरा करून टाकायचा. १९९२ च्या ६ मार्चला जगभर घबराट होती, लोक त्या दिवशी कॉम्प्युटर लावेनात, काहींनी तारीखच पुढे ढकलली. काटकरांची कंपनी १९९५ मध्ये कॅट कम्प्युटर सर्व्हिसेस नावाने नोंदली गेली, २००७ मध्ये तिचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं. हा इतिहास मला आवडतो, कारण तो दुरुस्तीच्या टेबलावर सुरू होतो.

मग प्रत्येक बदललेली स्क्रीन व्हायरसच असायची का? अजिबात नाही. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये सुरुवातीचं ढगांचं चित्र लोगो डॉट सिस नावाच्या साध्या फाइलीत असायचं. पेंटमध्ये ३२० बाय ४०० चं चित्र काढून त्या नावाने ठेवलं की झालं. लॅबमध्ये कुणी शाहरुख लावला की सर ओरडणार, "व्हायरस कुणी आणला?"

उलट बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही फारच निर्धास्त व्हाल. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या आला. मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायचं आणि काळ्या स्क्रीनवर डिस्क दुरुस्त होत असल्याची टक्केवारी यायची, अगदी खऱ्या चेकडिस्कसारखी. प्रत्यक्षात त्या वेळात डिस्क कुलूपबंद होत असायची. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम त्या दिवशी ठप्प झालं. तिथे "दुरुस्ती होऊ दे" म्हणून वाट बघणं हीच चूक होती. लगेच वीज तोडणं शहाणपणाचं. म्हणून स्क्रीन बदलली की आधी ती वाचायची. फोटो काढायचा. कुठला शब्द आहे, ते बघायचं.

मामांच्या स्क्रीनवरचा शब्द होता सीमॉस. मी शनिवारी पोचले तेव्हा धो-धो पाऊस आणि लाइट गेलेली. तिथेच अर्धं उत्तर होतं. मदरबोर्डवर एक गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा, वीस मिलीमीटर रुंद. प्लग लावलेला असेल, वीज असेल, तर घड्याळ त्या विजेवर चालतं आणि सेलला आराम. वीज गेली की सगळा भार सेलवर. जव्हारला पावसात वीज जाते, आणि विजा कडाडायला लागल्या की मामा प्लगच काढून ठेवतात. वर्षानुवर्षं तो सेल ओव्हरटाइम करत होता. तो संपला, सेटिंग विसरली, बेरीज चुकली.

मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली: महिनाभर आधीपासून तारीख सारखी २००९ वर जात होती आणि वेबसाइट "सुरक्षित नाही" म्हणून उघडत नव्हत्या. तेही व्हायरसच्या खात्यात जमा झालं होतं. खरं तर साइटचं प्रमाणपत्र तारखेवर तपासतात. २००९ सालातल्या कॉम्प्युटरला आजचं प्रमाणपत्र भविष्यातलं वाटणार.

लाइट आल्यावर पहिलं काम सेलचं नव्हतं. हार्डडिस्क काढली, यूएसबी केबलने माझ्या लॅपटॉपला जोडली, मामांचं पूर्ण फोल्डर कॉपी केलं. मग बाजारातून नवा सेल, पन्नास रुपयांच्या आत. तारीख लावली. तरी निळी स्क्रीन जाईना, आणि खरं सांगते, पाच मिनिटं माझाही घसा कोरडा पडला. मग आठवलं: डिफॉल्ट्स लोडेड. विंडोज ७ टाकताना डिस्कची पद्धत एएचसीआय ठेवली होती, सेटिंग विसरल्यावर बोर्ड कारखान्यातल्या आयडीईवर गेला होता, आणि विंडोजला आपलीच डिस्क ओळखू येत नव्हती. एका ओळीचा बदल, सेव्ह, रीस्टार्ट. रंगीत चित्र आलं, मागून विंडोज.

मामा काही बोलले नाहीत. चष्मा पुसला, फाइल उघडली आणि खाली-खाली जात राहिले.

मग मी तीच फाइल त्यांच्या फोनवर पाठवली. फोनवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी, कारण जुना फॉन्ट फोनला कळत नाही. मामा म्हणाले, "हा पण व्हायरस का गं?" आता दर रविवारी आम्ही व्हिडिओ कॉलवर एकेक गाव युनिकोडमध्ये उतरवतोय. परवा नृसिंहाचं सोंग झालं.