एक फीत, दोन चौकटी

मोसम नदीकाठच्या नामपूरमध्ये लग्नसराईत फेरफटका मारला, तर एक दृश्य हमखास दिसते. फोटोग्राफरच्या गळ्यात एकच कॅमेरा असतो. त्यानेच तो वधूवरांचे फोटो काढतो आणि त्यानेच वरातीचे चित्रण करतो. पूर्वी या दोन कामांना दोन माणसे लागत आणि दोन यंत्रेही लागत. आज शाळेसाठी कॅमेरा घ्यायचे ठरले की आपल्यापुढेही हाच प्रश्न येतो. स्नेहसंमेलनाचे फोटो आणि प्रयोगांचे चित्रण, दोन्ही एकाच यंत्रात नीट जमेल का? दुकानदार म्हणतो, ‘फुल-फ्रेम घ्या.’ फुल म्हणजे पूर्ण. पण कशाच्या मानाने पूर्ण? याचे उत्तर शोधताना आपण थेट दादासाहेब फाळक्यांपर्यंत जाऊन पोहोचतो.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. तो पाहून भारावलेल्यांमध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे एक होते. त्यांचा धंदा स्थिर छायाचित्रणाचा होता. स्टुडिओ होता, हातात कसब होते, प्रकाशाची जाण होती. तरीही हलते चित्र टिपायला त्यांचा जुना कॅमेरा निरुपयोगी होता. त्यांनी २१ गिनी मोजून इंग्लंडहून नवा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली एक कुस्ती चित्रित केली. ती फीत धुण्यासाठी इंग्लंडला पाठवावी लागली. १९०१ च्या डिसेंबरमध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर र. पु. परांजपे यांचे स्वागतही त्यांनी टिपले.

जुना कॅमेरा का चालला नाही? स्थिर छायाचित्राला काचेची एक तबकडी पुरे. ती बदलायला अर्धे मिनिट लागले तरी बिघडत नाही. हलत्या चित्राला सेकंदाला निदान सोळा चित्रे हवीत. एवढ्या वेगाने काचा बदलणे अशक्यच. त्यासाठी लवचीक फीत हवी. ती भिंगामागे क्षणभर थांबली पाहिजे, मग झटक्याने पुढे सरकली पाहिजे. फीत घसरू नये म्हणून तिच्या दोन्ही काठांना भोके पाडतात आणि दातेरी चाक ती भोके पकडून फीत ओढते. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन यांनी यासाठी ७० मिलिमीटरची फीत उभी चिरून ३५ मिलिमीटरची केली. काठांवर भोके आली आणि मध्ये चित्राला सुमारे २४ मिलिमीटर रुंद व १८ मिलिमीटर उंच जागा उरली. दर चित्रामागे प्रत्येक काठावर चार भोके, हा हिशेब तेव्हापासून रूढ झाला.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता. म्हणजे सावेदादांप्रमाणे तेही स्थिर चित्राकडून हलत्या चित्राकडे आलेले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे त्यांनी सुमारे पन्नास पौंडांना विल्यम्सन कॅमेरा घेतला. कोरी फीत आणि तिला भोके पाडण्याचे यंत्रही मागवले. कोरी फीत भोकांविना येई. ती अंधारात बसून घरीच भोके पाडून घ्यावी लागे, आणि या कामात सरस्वतीबाईंचा हात मोठा होता.

हे काम किती असेल, याचे गणित वर्गात करून पाहता येईल. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३७०० फूट लांबीचा होता. फुटाला १६ चौकटी धरल्या तर ५९,२०० चौकटी होतात. प्रत्येक चौकटीला दोन काठांची मिळून आठ भोके, म्हणजे एकूण ४,७३,६०० भोके! वाया गेलेली फीत यात धरलेलीच नाही. हा चित्रपट ३ मे १९१३ पासून मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांना दिसू लागला. त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला.

पण शिक्षकांच्या दृष्टीने त्यांचे त्याआधीचे काम अधिक मोलाचे आहे. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा ठेवून त्याची वाढ टिपली. विचार करा, हलत्या चित्राचा कॅमेरा त्यांनी येथे स्थिर चित्राच्या कॅमेऱ्यासारखा वापरला! एकेक चित्र सावकाश घ्यायचे आणि सारी चित्रे भरभर दाखवायची. दोन कामे एकाच यंत्राने करण्याचे आपल्याकडचे हे फार जुने उदाहरण.

या प्रयोगाविषयी दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. महिनाभर रोज एक चित्र घेतले, ही एक; आणि चित्रपट मिनिटभराचा होता, ही दुसरी. विद्यार्थ्यांना विचारा, दोन्ही एकाच वेळी खऱ्या असतील का? महिन्याची तीस चित्रे सेकंदाला सोळा या गतीने दोन सेकंदांत संपतील. मिनिटभरासाठी ९६० चित्रे हवीत, म्हणजे रोज बत्तीस. साधारण पाऊण तासाला एक. इतिहासातली ऐकीव माहितीसुद्धा भागाकाराने तपासता येते, ती अशी.

याच सुमारास जर्मनीत वेट्झलार गावी लाइट्झ कारखान्यातले ऑस्कर बार्नाक उलट दिशेने विचार करत होते. सिनेमाची फीत इतकी सोयीची, तर तिच्यावर स्थिर चित्र का घेऊ नये? पण १८ बाय २४ ची चौकट मोठ्या छपाईला लहान पडे. त्यांनी फीत उभी न सरकवता आडवी सरकवली आणि चौकट दुप्पट केली. चारऐवजी आठ भोकांची जागा एका चित्राला मिळाली. चौकट झाली २४ बाय ३६ मिलिमीटर. क्षेत्रफळ ४३२ वरून ८६४ चौरस मिलिमीटर. १९१४ च्या सुमारास त्यांनी नमुना बनवला आणि १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला. आज आपण ‘फुल-फ्रेम’ म्हणतो ती हीच चौकट. तिचे मूळ सिनेमाच्या फितीत आहे.

पुढे ऐंशीएक वर्षे दोन्ही यंत्रे वेगळ्या वाटांनी गेली. मग फितीच्या जागी प्रकाशसंवेदक आला. २००२ मध्ये २४ बाय ३६ आकाराच्या संवेदकाचे कॅमेरे विक्रीला आले. २००८ मध्ये कॅननच्या फाइव्ह-डी मार्क-टू या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात उच्च दर्जाचे चित्रणही करता येऊ लागले. सिनेमातून निघालेली चौकट सिनेमाकडे परतली.

तरी सावेदादांपुढची अडचण पुरती सुटलेली नाही. तिचे रूप बदलले आहे. फोटोला बारकावा हवा, म्हणून बिंदू जास्त हवेत. चित्रणाला वेग हवा. २४० लाख बिंदूंचा संवेदक सेकंदाला २५ वेळा वाचायचा, म्हणजे सेकंदाला ६० कोटी बिंदू. ‘फोर-के’ चित्राला मात्र साधारण ८३ लाख बिंदूच पुरतात. वाचन ओळीओळीने होते. ते संथ असेल तर फिरत्या पंख्याची पाती वाकडी दिसतात. यंत्र तापते, हा त्रास वेगळाच.

म्हणून कॅमेरा घेण्यापूर्वी दुकानातच चार गोष्टी पाहाव्यात. पंख्याचे चित्रण करून पाती सरळ दिसतात का पाहावे. चित्रण सुरू करताच दृश्य आक्रसते का पाहावे. आक्रसले तर यंत्र संवेदकाचा मधलाच भाग वापरत आहे. सलग अर्धा तास चित्रण चालते का, हे विचारावे. आणि दिव्याखाली झडपेचा वेळ सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवता येतो का, तेही पाहावे. आपल्याकडची वीज ५० आवर्तनांची असल्याने अनेक दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. पन्नासाव्या भागात नेमके दोन लुकलुकाट मावतात आणि चित्रात पट्टे उमटत नाहीत.

दृश्य आक्रसले तरी नाराज व्हायचे कारण नाही. उरलेला भाग अनेकदा सुमारे २४ मिलिमीटर रुंदीचा असतो. म्हणजे फाळक्यांच्या चौकटीची रुंदी जवळजवळ तीच! त्यांचे काम तेवढ्यात भागले. शाळेत फोटोंचीच गरज जास्त असेल तर मोठी चौकट घ्यावी. प्रयोगांचे चित्रणच मुख्य असेल तर लहान चौकटीचा, पण वेगाने वाचणारा कॅमेरा घेऊन उरलेल्या पैशांत चांगले भिंग आणि भक्कम तिपाई घ्यावी. आणि कोणताही कॅमेरा आला, तरी पहिला प्रयोग कुंडीतल्या वाटाण्याचा करावा. पाऊण तासाला एक चित्र, महिनाभर. रात्रपाळीचे वेळापत्रक मुलांनाच ठरवू द्यावे.