व्हिला मेदिचीमधील खुले दिवस

व्हिला मेदिची ही इटलीची राजधानी रोम येथील पिन्चो टेकडीवर असलेली सोळाव्या शतकातील ऐतिहासिक वास्तू आहे. येथे रोममधील फ्रेंच अकादमीचे मुख्यालय असून निवड झालेले कलावंत व संशोधक येथे राहून काम करतात. एरवी येथील उद्याने व दालने मुख्यतः मार्गदर्शकासमवेत पाहता येतात. खुल्या दिवसांत ही वास्तू सर्वसामान्यांसाठी अधिक मोकळेपणाने उघडली जाते.

पार्श्वभूमी

चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत १६६६ साली या अकादमीची स्थापना झाली. प्राचीन व प्रबोधनकालीन कलेचा तरुण फ्रेंच कलावंतांनी प्रत्यक्ष अभ्यास करावा, हा तिचा हेतू होता. कार्डिनल फर्दिनांदो दे मेदिची यांनी १५७६ साली विकत घेतलेल्या या वास्तूत नेपोलियनच्या काळात, १८०३ साली, अकादमीचे स्थलांतर झाले. येथे येण्यासाठी 'प्री द रोम' ही स्पर्धा जिंकावी लागे. स्त्रियांना तिच्यात १९०३ पासून प्रवेश मिळाला. शिल्पकार ल्युसिएन ह्यूवेलमान्स (१९११) आणि संगीतकार लिली बुलांजे (१९१३) या आपापल्या विभागांतील पहिल्या महिला विजेत्या होत. ही स्पर्धा १९६८ साली बंद झाली आणि पुढे लेखक, छायाचित्रकार, चित्रपटकार यांनाही येथे स्थान मिळू लागले.

उद्याने

सुमारे ७ हेक्टरांची ही उद्याने प्राचीन ऑरेलियन तटबंदीला लागून आहेत. कापून आकार दिलेली कुंपणे, चौकोनी वाफे व उंच पाइन वृक्ष ही त्यांची वैशिष्ट्ये होत. स्पॅनिश चित्रकार दिएगो वेलास्केस यांनी या उद्यानाची रंगवलेली दोन लहान चित्रे माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत.

खुले दिवस

ऐतिहासिक वास्तूंची दारे जनतेसाठी उघडण्याचा उपक्रम फ्रान्समध्ये १९८४ साली सुरू झाला. त्याच धर्तीवर युरोप परिषदेने १९९१ साली 'युरोपीय वारसा दिन' सुरू केले. १९९९ पासून युरोपीय संघही त्यांत सहभागी आहे. सप्टेंबरमध्ये होणाऱ्या या उपक्रमात व्हिला मेदिचीचाही सहभाग असतो. याशिवाय निवासी कलावंत आपल्या कार्यशाळा लोकांसाठी खुल्या करतात. तेव्हा अपूर्ण कलाकृती पाहण्याची आणि कलावंतांशी थेट बोलण्याची संधी मिळते.

महत्त्व

व्हिला मेदिची हे केवळ संग्रहालय नसून कलावंतांचे घर व कार्यस्थळही आहे. त्यामुळे त्यांचा एकांत, जुन्या उद्यानांचे जतन आणि सार्वजनिक वारशावरील नागरिकांचा हक्क यांचा मेळ घालणे आवश्यक ठरते. दीर्घकाळ मोजक्या विजेत्यांपुरती राखीव असलेली ही जागा अशा दिवशी सर्वांची होते.