पडद्यापलीकडचा वैद्य

रुग्णाला औषधाइतकीच सोबतीची गरज असते, हे आपल्या घराघरांतले अनुभवाचे सत्य आहे. परंतु समदुःखी माणसांची सोबत हा उपचाराचाच एक भाग होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राने रीतसर ओळखले ते विसाव्या शतकात. आज इस्पितळातील रुग्णांचा गट एकत्र बसतो आणि दूरच्या शहरातील डॉक्टर व्हिडिओद्वारे त्याच्याशी बोलतो, तेव्हा ही कालपरवाची नवलाई वाटते. तिचा इतिहास मात्र बराच जुना आहे. तो जाणून घेतला, तर या साधनाकडून कशाची अपेक्षा धरावी आणि कशाची धरू नये हेही उमगेल, असे आम्हांस वाटते.

ही कथा सुरू होते १९०५ साली, अमेरिकेतील बोस्टन शहरात. क्षयरोगावर तेव्हा औषध नव्हते. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार एवढाच उपाय होता, आणि आरोग्यधामाचा खर्च गरिबांच्या आवाक्याबाहेर होता. डॉ. जोसेफ प्रॅट यांनी अशा गरीब क्षयरोग्यांचा एक 'वर्ग' सुरू केला. रुग्ण आठवड्यातून एकदा जमत, आपली दैनंदिन नोंदवही दाखवत. मधल्या दिवसांत त्यांच्या घरी जाऊन विचारपूस केली जाई. या कार्याला आर्थिक आधार दिला तो शहरातील इमॅन्युएल चर्च या एपिस्कोपल चर्चने. रेव्हरंड एलवुड वूस्टर तेथील धर्मगुरू होते. शिस्त शिकवण्यासाठी भरवलेल्या या वर्गात प्रॅट यांना एक वेगळीच गोष्ट दिसली. निरनिराळ्या वंशांची व पंथांची ही माणसे एकाच आजाराच्या धाग्याने बांधली जात होती आणि एकमेकांना धीर देत होती.

पुढे ही पद्धत मनोरुग्णालयांत रुजली. तिची तेथे किती निकड होती, हे एका आकड्यावरून कळते. १९५५ साली अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे साडेपाच लाख माणसे दाखल होती. मानसोपचारतज्ज्ञ मोजके होते आणि बहुतेक मोठ्या शहरांत राहत. रुग्णालये मात्र अनेकदा दूरच्या लहान गावांत होती. रुग्ण तेथे वर्षानुवर्षे राहत. त्यांचे म्हणणे निवांतपणे ऐकून घेणारा कोणी क्वचितच भेटे.

या अडचणीतून वाट काढली ती नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहराने. फादर फ्लॅनॅगन यांनी १९१७ साली याच शहरात अनाथ व वाट चुकलेल्या मुलांसाठी 'बॉईज टाऊन'ची मुहूर्तमेढ रोवली होती. येथील मानसोपचार संस्थेचे डॉ. सेसिल विटसन यांनी १९५९ साली दुहेरी दूरचित्रवाणीचा वापर सुरू केला. दोन्हीकडे कॅमेरा, दोन्हीकडे पडदा. दोघेही एकमेकांस पाहू व ऐकू शकत. प्रथम वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अध्यापनासाठी आणि मग रुग्णांच्या गटोपचारासाठी हे साधन वापरण्यात आले. त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी आपल्या देशात, दिल्लीत, दूरचित्रवाणीचे पहिले प्रायोगिक प्रक्षेपण झाले, हे येथे ध्यानात घ्यावे.

डॉक्टर समोर बसलेला असो वा पडद्यावर दिसत असो, गटाच्या कामकाजात लक्षणीय फरक पडत नाही, असा निष्कर्ष विटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. १९६४ साली ४ लाख ८० हजार डॉलरच्या सरकारी अनुदानातून ओमाहा हे ११२ मैल, म्हणजे सुमारे १८० किलोमीटर, दूर असलेल्या नॉरफोक येथील सरकारी मनोरुग्णालयाशी जोडले गेले. सल्लामसलत, निदान, वाचादोषांवरील उपचार आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण या मार्गाने होऊ लागले. पुढे अमेरिकेत असे आणखी प्रयोग झाले. परंतु यंत्रणा महाग होती, आणि अनुदान आटले की बहुतेक प्रयोग बंद पडत.

२०२० साली करोनाच्या महामारीने हा जुना प्रश्न जगापुढे पुन्हा उभा केला. एकत्र बसणे हेच धोक्याचे ठरले. भारत सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. अनेक देशांत व्यसनमुक्तीचे व मानसोपचाराचे गट पडद्यावर भरू लागले. ओमाहात ज्यासाठी लाखो डॉलर मोजावे लागले, ते काम आता खिशातील मोबाईल करतो.

येथेच एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. गटोपचाराच्या त्या पहिल्या प्रयोगांत दूर होता तो डॉक्टर. रुग्ण एकमेकांच्या शेजारीच बसलेले होते. एखाद्याचा कंठ दाटून आला, तर खांद्यावर हात ठेवायला शेजारी कोणीतरी होते. प्रत्येक रुग्ण आपल्या खाटेवर एकटा, हातात आपापला पडदा घेऊन बसतो, तेव्हा त्याला उपदेश ऐकू येतो, पण सोबत मात्र पातळ होते. साथीच्या दिवसांत त्याला इलाज नव्हता. काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरे होते. परंतु संकटकाळातली तडजोड हा कायमचा नियम होऊ नये.

म्हणून आपल्या परिसरातील एखाद्या इस्पितळात असे उपक्रम सुरू होतील, तेव्हा त्यांचे स्वागत अवश्य करावे. गावातल्या रुग्णाला शहरातील तज्ज्ञ भेटतो, त्याच्या नातलगांचा प्रवास आणि बुडणारी मजुरी वाचते, हा लाभ लहान नव्हे. मात्र आपण तीन गोष्टी विचाराव्यात. रुग्णांच्या खोलीत परिचारिका वा समाजसेवक प्रत्यक्ष हजर आहे का? तेथे बोललेले खोलीबाहेर जाणार नाही आणि संमतीवाचून त्याचे चित्रीकरण होणार नाही, याची हमी आहे का? आणि पडदा विझल्यावर रुग्णाची चौकशी करायला कोण येणार आहे? प्रॅट यांच्या रुग्णांकडे साध्या वहीपलीकडे साधन नव्हते, पण या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी होते: त्यांच्या घरी माणूस जात असे. यंत्र आता स्वस्त झाले आहे. ते माणूस पुरवण्याचे काम अजूनही आपल्यालाच करायचे आहे.